आयसीयूच्या दाराबाहेरची माणसं

१९५२ चा ऑगस्ट. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओने थैमान घातलं होतं. ब्लेगडाम रुग्णालयात श्वास बंद पडलेले रुग्ण रोज येत होते आणि तिथे मोठं श्वसनयंत्र होतं फक्त एक. सुरुवातीच्या ३१ गंभीर रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी मार्ग काढला: गळ्याला छेद देऊन नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरायची. हात कुणाचे? सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांचे. पाळ्या लावून, रात्रंदिवस. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरात गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. आजच्या आयसीयूची सुरुवात बहुतेक जण तिथूनच धरतात.

पुढे यंत्रं आली, माणसं वाचू लागली. पण दार बंद झालं आणि नातेवाईक बाहेर राहिले. आत काय चाललंय हे कळायचं ते भेटीच्या वेळेत, तेही काचेतून.

बाहेरच्यांना काय हवंय, हा प्रश्न नीट विचारला एका नर्सने. अमेरिकेतल्या नॅन्सी मोल्टर यांनी १९७९ मध्ये ४० नातेवाइकांसमोर ४५ गरजांची यादी ठेवली. सगळ्यात वर काय आलं? आशा. त्याच्या मागोमाग: आपल्या माणसाची इथे कुणाला तरी काळजी आहे असं वाटणं, प्रश्नांची खरी उत्तरं, समजेल अशा भाषेत माहिती, दिवसातून एकदा तरी. यातल्या एकाही गोष्टीला महागडं मशीन लागत नाही बघा.

फ्रान्सच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये पाहिलं, की रुग्ण आयसीयूत राहून गेल्यावर तीन महिन्यांनीही घरच्यांपैकी दर तिघांमागे एकाला मानसिक आघाताची लक्षणं होती. दचकून उठणं, तेच तेच आठवणं, फोन वाजला की छातीत धस्स होणं. २००७ मध्ये त्यांनी उपायही तपासला. रुग्ण वाचणार नाही अशा १२६ कुटुंबांपैकी निम्म्यांशी ठरवून, ऐकून घेत बोलले आणि हातात एक माहितीपत्रक दिलं. बैठक साधारण २० ऐवजी ३० मिनिटं चालली. आघाताची लक्षणं ६९ टक्क्यांवरून ४५ वर आली. फरक दहा मिनिटांचा!

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनमधल्या नर्सेसनी आणखी एक वाट काढली: डायरी. रुग्ण बेशुद्ध असताना आज काय झालं, कोण भेटून गेलं, हे साध्या भाषेत लिहायचं. घरच्यांनीही लिहायचं. ही जादूची कांडी नाही; २०१९ च्या मोठ्या फ्रेंच चाचणीत डायरीने आघात कमी झाल्याचं दिसलं नाही. पण त्यामागचा विचार खरा आहे, की घरचे हेही या आजाराचे भागीदार आहेत. २०१२ पर्यंत तज्ज्ञांनी घरच्यांच्या या त्रासाला स्वतंत्र नावही दिलं.

आता आपल्याकडे बघू. आपल्या घरच्यांचं काम तर दुप्पट. औषधं आणा, रक्त शोधा, पैशांची जुळवाजुळव करा, सह्या करा, रात्री वऱ्हांड्यात सतरंजी टाका. कोविडमध्ये तर २०२० आणि २०२१ साली हजारो घरांना शेवटचं तोंडही बघता आलं नाही. त्यानंतर त्यांची विचारपूस कुणी केली? पॅकेज असतं उपचाराचं. घरच्यांशी बसून बोलण्याचं नसतं. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची वेळ असते, पण घरात आता काय काय होऊ शकतं याची एक ओळ नसते.

मागणी छोटी आहे. दिवसातून एक ठरलेली वेळ, जेव्हा डॉक्टर मराठीत, बसून बोलतील. डिस्चार्जला किंवा मृत्यूनंतर एक साधं पत्रक. आणि महिन्याभराने एक फोन: "तुम्ही कसे आहात?" सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहेत, योजनेचे आरोग्यमित्र आहेत, गावात आशाताई आहेत. त्यांच्यावर नुसतं ओझं टाकू नका. हे काम त्यांच्या कामात आणि मानधनात धरा.

तोवर एवढं लक्षात ठेवा: १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. "पेशंट घरी आला, आता कशाला रडायचं?" असं कुणाला म्हणू नका. रडू बहुतेकदा तेव्हाच येतं.

तुमच्या घरी हे घडलं असेल तर खाली लिहा. रुग्णालयाचं नाव नको, काय मिळालं असतं तर बरं झालं असतं, तेवढं लिहा.