गावातील नर्सबाई: त्यांचे काम काय आणि त्यांची मदत कशी घ्यावी?

नर्स म्हटले की बहुतेकांना इंजेक्शन देणारी, सलाईन लावणारी सिस्टर आठवते. पण खेड्यात आपण जिला नर्सबाई म्हणतो, त्या आरोग्य सेविकेचे बरेचसे काम दवाखान्याबाहेर चालते, तेही कोणी आजारी पडण्याच्या आधी.

मी वणी परिसरात रुग्ण तपासतो. आजार वाढल्यावर आलेल्या रुग्णाची जुनी कागदपत्रे पाहिली की अनेकदा लक्षात येते, धोका नर्सबाईंनी आधीच ओळखला होता. घरच्यांनी तो मनावर घेतला नव्हता. म्हणून ही माहिती.

गावात कोण काय करते?

- आशा ताई: साधारण १००० लोकसंख्येमागे एक. ती गावातलीच असते. घरोघरी जाऊन माहिती देणे, रुग्णाला दवाखान्यापर्यंत पोहोचवणे हे तिचे काम. ती नर्स नसते.
- आरोग्य सेविका (एएनएम): हीच आपली नर्सबाई. तिने नर्सिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो. सपाट भागात सुमारे ५०००, तर आदिवासी आणि डोंगराळ भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे.
- समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ): उपकेंद्रात बीपी, शुगर आणि साध्या आजारांची तपासणी करतात, ठरलेली औषधे देतात.
- वैद्यकीय अधिकारी: प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर. नर्सबाई चिठ्ठी देऊन पाठवतात ते बहुतेक वेळा यांच्याकडे.

पूर्वी एएनएमचे काम मुख्यतः बाळंतपण आणि बालसंगोपन एवढेच होते. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कर्मचारी करण्याची शिफारस केली. तेव्हापासून लसीकरण, साथीचे रोग, कुटुंब नियोजन अशी कामे तिच्याकडे वाढत गेली.

गरोदरपणात

पाळी चुकली की पहिल्या १२ आठवड्यांत नाव नोंदवा. प्रसूतीपर्यंत किमान चार तपासण्या व्हायला हव्यात. प्रत्येक वेळी वजन, बीपी, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासून घ्या. हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. ७ पेक्षा कमी असेल तर तो तीव्र रक्तक्षय असतो आणि रुग्णालयात उपचार लागतात.

लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, थोडे मळमळते. त्यामुळे अनेकजणी गोळ्या घेत नाहीत आणि नर्सबाई विचारतील तेव्हा "घेते" म्हणतात. तसे करू नका. त्रास होतो असे सांगितले तर वेळ बदलून किंवा जेवणानंतर घेऊन मार्ग निघतो.

बाळासाठी

जन्मानंतर बीसीजी, पोलिओ आणि २४ तासांच्या आत कावीळ-बची लस दिली जाते. पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांनी, ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान लसी असतात. प्रत्येक वेळी नर्सबाईंना चार गोष्टी विचारा: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, तो झाल्यास काय करायचे, पुढची तारीख कोणती. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.

रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशा ताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहते. या घरभेटींमागे आपल्या विदर्भातलाच अनुभव आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणून आशा ताई आली की "बाळ झोपले आहे, नंतर या" असे म्हणू नका.

मोठ्या माणसांसाठी

- बीपी, शुगर आणि कर्करोग: वय ३० च्या पुढे असेल तर उपकेंद्रात तपासणी करून घ्या. आपल्याकडे खर्रा खाणारे खूप आहेत. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा दोन आठवड्यांत जखम भरत नसेल, तर लगेच दाखवा.
- क्षयरोग: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप किंवा वजन घटणे. खाणीत किंवा धुळीत काम करणारे "धुळीचा खोकला आहे" म्हणून थांबतात. थुंकीची तपासणी मोफत आहे.
- सिकलसेल: विदर्भात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आढळतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी तपासणी केलेली चांगली. ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्यांनी लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.
- फवारणीची विषबाधा: २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि सुमारे २० जण दगावले. फवारणीनंतर मळमळ, घाम, अंधूक दिसणे, धाप लागणे असे काही झाले तर कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवा आणि रुग्णालय गाठा. उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत न्या.

"मोठ्या दवाखान्यात जा" ही चिठ्ठी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठव्या महिन्यातल्या एका बाईचे बीपी नर्सबाईंना १५०/१०० आढळले. त्यांनी बसवून पुन्हा मोजले, चिठ्ठी दिली आणि आजच जा म्हणून बजावले. बाईला काहीच दुखत नव्हते. घरी कापसाची वेचणी सुरू होती, मजूर मिळत नव्हते. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले तेव्हा घरच्यांनी तिला आणले. आई वाचली, बाळ गेले. चिठ्ठी तिच्या सासूच्या पिशवीत तशीच घडी घातलेली होती.

गरोदरपणात बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, तर काहीही त्रास होत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते. दुखत नाही म्हणजे धोका नाही, असे नसते. वणीहून यवतमाळ शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. चंद्रपूर जवळ असले तरी तिथे पोहोचायलाही वेळ लागतो. गाडी, पैसे आणि सोबत कोण येणार हे आधीच ठरवून ठेवा. नर्सबाई पाठवतात ते जबाबदारी झटकण्यासाठी नाही. पुढचा उपचार त्यांच्या हातात नसतो, म्हणून पाठवतात.

नर्सबाईंकडे काय मागू नये?

"एक सुई लावून द्या", "अशक्तपणा आहे, सलाईन लावा" असा आग्रह धरू नका. साध्या सर्दी-तापाला इंजेक्शन लागत नाही आणि सलाईनमध्ये ताकद नसते, मुख्यतः पाणी, मीठ किंवा साखर असते. सिस्टरने नाही म्हटले म्हणून गावात फिरणाऱ्या बिनपदवीच्या माणसाकडून सुई घेणे तर धोक्याचेच. नर्सबाई डॉक्टरांची जागा घेत नाहीत. डॉक्टरांपर्यंत वेळेत पोहोचवणे हे त्यांचे मोठे काम आहे.

तुम्ही एवढे करा

- उपकेंद्राचा आणि नर्सबाईंचा नंबर घरातील दोघांकडे तरी ठेवा.
- माता-बाल संरक्षण कार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि औषधांची पाकिटे एका पिशवीत ठेवा. बाळंतपणाला माहेरी जाताना किंवा कामासाठी बाहेरगावी जाताना कार्ड सोबत न्या आणि तिथल्या नर्सबाईंना दाखवा.
- आधीचा गर्भपात, जुना आजार, तंबाखू, बाहेरून घेतलेले औषध यांपैकी काही लपवू नका. सर्वांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर एकट्यात बोलायचे आहे असे सांगा.
- घरी कोलामी, गोंडी किंवा तेलुगू बोलत असाल आणि सांगितलेले कळले नसेल, तर मान डोलावू नका. आशा ताईला समजावून सांगायला सांगा.

या वेळी थांबू नका

गरोदर बाई: रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी, अंधूक दिसणे, चेहऱ्यावर सूज, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे.

नवजात बाळ: दूध न ओढणे, अंग थंड किंवा तापलेले, जलद श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, तळहात-तळपाय पिवळे होणे.

कोणालाही: साप चावणे, विषबाधा, छातीत दुखणे, बेशुद्धी.

यांपैकी काहीही दिसले तर १०८ वर फोन करा आणि लगेच निघा. वाटेत नर्सबाईंना कळवा, म्हणजे त्या पुढच्या रुग्णालयाला आधी सांगू शकतील. घरी परतल्यावर सुट्टीचा कागद त्यांना दाखवा. पुढच्या तपासणीची आठवण करून द्यायला गावात त्याच असतात.