गेंड्याचा रविवार

३ जून १५१५, रविवार, ख्रिस्ती पंचांगातला सणाचा दिवस. लिस्बनमध्ये तुम्ही अल्फामाच्या गल्ल्यांतून खाली उतरताय. मागे टेकडीवर साँव जॉर्जचा किल्ला, समोर छपरांच्या फटींतून दिसणारी तेजो नदी. नदी म्हणायची एवढंच. इथे ती खाडीसारखी ऐसपैस पसरलेली आहे. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाढव आलं तर कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढून उभं राहावं लागतं. चढा. आज कसलीच घाई नाही. राजवाड्याशेजारी गेंडा आणि हत्ती समोरासमोर येणार आहेत, सगळं गाव तिकडे लोटणार आहे, पण त्याआधी पोटभर खायला वेळ आहे.

उताराच्या तळाशी राजाचा पाणवठा लागतो. घडे भरणाऱ्या बायकांमध्ये कितीतरी जणी आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलाम आहेत. शहर ज्या पाण्यावर जगतं ते त्यांच्या डोक्यावरून घरोघर जातं, आणि सण असला तरी त्यांच्या खेपा थांबलेल्या नाहीत. ओंजळभर पाणी प्यालात तर त्यांच्याकडे नीट बघा. या शहराच्या वैभवाची वर्णनं त्यांना वगळून लिहिली जातात, ते मला पटत नाही.

आता नदीकाठी या. जून म्हणजे तारल्यांचा हंगाम. जाड मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेली तारली गव्हाच्या पावाच्या जाड तुकड्यावर ठेवा आणि बोटांनीच खा. माशाची चरबी हळूहळू पावात मुरते. मासा संपल्यावर उरलेला तो तुकडा हीच खरी मेजवानी. कोकणातून आलेल्या माणसाला हा वास परका वाटणार नाही. मात्र चिंच नाही, कोकम नाही, नारळ नाही. फक्त मीठ आणि ऑलिव्हचं तेल. मिरची शोधू नका. तिखट म्हणजे मिरी, ती मलबारहून येते आणि महाग आहे. बटाटा आणि टोमॅटो या स्वयंपाकघरांत अजून शिरलेले नाहीत. बेलेंच्या ज्या कस्टर्डच्या तार्टांसाठी आपल्या काळातले पर्यटक रांगा लावतात, त्यांच्या दुकानाला १८३७ उजाडावं लागेल. त्याऐवजी मार्मेलादा घ्या: बिहीच्या फळाचा गर साखरेत आटवून घट्ट केलेल्या लालसर वड्या. साखर मदेइरा बेटावरची आहे. सोबत ताजं चीज घ्या आणि दोन्ही एकाच घासात खा.

रुआ नोव्हा हा व्यापाऱ्यांचा रस्ता. अल्फामातून आल्यावर त्याची रुंदी डोळ्यांत भरते. फरसबंदी वाट, मजल्यावर मजले चढवलेली घरं, जर्मन, फ्लेमिश, इटालियन व्यापारी. रविवार असल्यामुळे बरीचशी दुकानं बंद आहेत, तरी बघत हिंडायला हरकत नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला भूकंप, मग समुद्राची लाट आणि आग, यात हा रस्ता आणि नदीकाठचा नवा राजवाडा दोन्ही जातील. अल्फामा बरीचशी वाचेल, ती तुम्हाला नंतरही बघता येईल. म्हणून आज इथे रेंगाळा.

राजवाड्याला लागूनच इंडिया हाऊस, म्हणजे राजाच्या भारत-व्यापाराची कचेरी आहे. वास्को द गामा भारतातून परतून अवघी सोळा वर्षं झाली, तोवर इथे मिरीच्या राशी लागल्या. राजाच्या नावे ती तोलली जाते आणि अँटवर्पच्या बाजाराकडे रवाना होते. याच इमारतीपुढच्या तटबंदीच्या अंगणात आज खेळ आहे.

गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडे पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने ती नाकारली आणि भेटी दिल्या, त्यांत हा गेंडा. अल्बुकर्कने तो जानेवारीत गोव्याहून राजा मानुएलकडे पाठवून दिला. गोवा पोर्तुगीजांकडे जाऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. आफ्रिकेला वळसा घालून चार महिन्यांनी, २० मे रोजी, जनावर इथे उतरलं. वाटेत त्याला पेंढा, गवत आणि शिजवलेला भात मिळत होता. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिलेला नाही. हत्ती आणि गेंडा हाडवैरी, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. राजाला ते पडताळून बघायचं आहे.

गर्दीत घुसा. आत गेंडा उभा आहे. कातडीच्या घड्या, एक शिंग, बारीक डोळे. त्याच्याबरोबर गोव्याहून एक माणूस आलाय, त्याचा रखवालदार. कागदपत्रांत त्याचं नाव ओसेम असं आहे. लोक जनावराकडे बघतायत, तुम्ही ओसेमकडे बघा. या अख्ख्या अंगणात त्या जनावराची चाल आणि त्याचा राग ओळखणारा तो एकटा आहे. चार महिने गलबताच्या हेलकाव्यांत त्याने ते जिवंत ठेवलं, ही मला मसाल्याच्या कुठल्याही सफरीइतकी मोठी कामगिरी वाटते.

हत्ती आणतात. वयाने लहान आहे, गर्दीच्या गोंगाटाने आधीच बिथरलेला. गेंडा सावकाश, थेट त्याच्या रोखाने निघतो. लोक श्वास रोखतात, आणि हत्ती वळतो, पळतो, कुंपण फोडून बाहेर निसटतो. एकही टक्कर झालेली नाही. प्लिनी खरा ठरला म्हणून सगळे खूश आहेत. मला विचाराल तर एक भेदरलेलं पोर पळालं, एवढंच सिद्ध झालं.

लोकांच्या लोंढ्याबरोबर रोसियू चौकाकडे चला. राजाचे हत्ती तिथल्या एश्ताउश वाड्यात ठेवतात. साँव दोमिंगुश चर्चपाशी जरा थांबा. नऊ वर्षांपूर्वी, १५०६ च्या ईस्टरमध्ये, इथून सुरू झालेल्या कत्तलीत सक्तीने ख्रिस्ती केलेले शेकडो ज्यू मारले गेले. चौकात कुणी त्याविषयी बोलत नाही.

संध्याकाळी खानावळीत खारवलेला कॉड मासा मागवा, ऑलिव्हचं तेल भरपूर ओतून. तांबडी वाइन जरा आंबट आहे, पण माशाबरोबर चालते. शेजारच्या बाकावर झुंजीचीच चर्चा असणार. ती इथेच थांबणार नाही: याच शहरात राहणारा जर्मन मुद्रक वालेंतीम फर्नांदिश गेंड्याची हकीगत नुरेंबर्गला लिहून पाठवेल. तिथे चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या हाती वर्णन आणि एक रेखाटन पडेल, आणि गेंडा कधीच न पाहता तो याच वर्षी त्याचा लाकडी ठसा कोरेल. अंगावर चिलखत, मानेवर एक जादा शिंग. शेकडो वर्षं युरोप गेंडा म्हणून हेच चित्र ओळखेल. खरा गेंडा मात्र डिसेंबरात पोपला भेट म्हणून रोमकडे निघेल, गळ्यात हिरव्या मखमलीचा फुलांनी सजवलेला पट्टा घालून, आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून साखळदंडांसकट बुडेल.

उद्या राहणार असाल तर नदीकाठाने पश्चिमेला बेलेंपर्यंत चालत जा. जेरोनिमुशचा मठ अजून अर्धामुर्धा आहे. दगड फोडणाऱ्यांचा आवाज दुरूनच येतो. पाण्यात फ्रान्सिश्कु द आरूदाचा बुरूज उठतोय. तो पुरा होईल तेव्हा त्याच्या एका कोपऱ्यातल्या टेहळणी मनोऱ्याखाली दगडात गेंड्याचं डोकं कोरलेलं असेल. आज ती जागा रिकामी आहे, पण कारागिरांशी बोलून बघा. जनावर उतरलं तेव्हा ते इथेच कामावर होते. अंतर दीड तासाचं आहे, वाटेत खायला चेरी बांधून घ्या.