चालणाऱ्यांचे दान आणि मागे राहिलेला हिशेब



हिवाळ्यातील एखाद्या रविवारी पहाटे आपण सिव्हिल लाइन्सच्या बाजूला गेलात, तर छातीवर क्रमांक लावलेली माणसे रस्त्याने चालताना-धावताना आपणास दिसतील. कित्येकजण केवळ प्रकृतीसाठी धावतात. काहींच्या धावण्यामागे मात्र एखादे रुग्णालय, एखादी अंधशाळा किंवा अनाथाश्रम उभा असतो. आपली मुले कधी घरी तक्ता घेऊन येतात : मी पाच किलोमीटर चालेन, आपण दर किलोमीटरमागे किती द्याल? त्यावर घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, चंदाच द्यावयाचा तर सरळ द्यावा, त्यासाठी चालावयाचे कशाला? आपल्या समाजात पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, तेव्हा हा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

अंतरामागे ठराविक रक्कम देण्याची ही पद्धत १९६० नंतरच्या दशकात ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेत रुजली. तिला खरे तेज चढविले ते टेरी फॉक्स या कॅनडाच्या तरुणाने. हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली त्याचा उजवा पाय कापावा लागला. रुग्णालयात त्याने लहान मुलांच्या यातना पाहिल्या होत्या. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो देशाच्या पूर्व टोकापासून पश्चिमेकडे धावू लागला, तो कर्करोग संशोधनासाठी पैसा उभारण्याकरिता. रोज जवळजवळ एका मॅरेथॉनइतके अंतर तो कापीत असे. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसात पसरल्याचे कळले आणि त्याला थांबावे लागले. प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर, ही त्याची अपेक्षा त्याच्या हयातीतच पुरी झाली. जून १९८१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याला तेविसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते.

परंतु चालून दान मागण्याची गोष्ट शिकण्यासाठी आपल्याला कॅनडापर्यंत जाण्याचे कारण नाही. नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याने सुमारे सत्तर किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी पवनार आहे. तेथून विनोबा भावे मार्च १९५१ मध्ये पायी निघाले. हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन होते, तेथे जावयाचे होते. भूदान हा शब्द तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

संमेलनानंतर विनोबा तेलंगणातील खेड्यांतून हिंडू लागले. जमीनदार आणि कुळे यांच्यातील रक्तरंजित लढ्याने तो मुलूख पोळलेला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी दलित वस्तीतील चाळीस कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांकडे जमीन कोठली? त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले, आणि रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठून म्हणाले, मी शंभर एकर देतो. मागितले त्याहून वीस एकर अधिक!

पुढे तेरा वर्षे विनोबा चालत राहिले. पहाटे तीनच्या सुमारास उठावयाचे, अंधारातच कंदिलाच्या उजेडात वाटेला लागावयाचे, दहाबारा मैलांवर मुक्काम, दुपारी सभा, आणि दुसऱ्या दिवशी पुढचे गाव. ज्याला पाच मुले आहेत त्याने मला सहावा मुलगा समजावे आणि माझा वाटा द्यावा, असे त्यांचे मागणे असे. सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातूनही चालले आणि तेथील शेतकऱ्यांनीही त्यांना जमीन दिली. आता आपल्या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. मोटारीतून आलेल्या माणसाने शंभर एकर मागितले असते तर ते मिळाले असते काय? मला नाही वाटत. मागणारा स्वतः काही सोसतो आहे हे डोळ्यांना दिसले, की देणाऱ्याचा हात सैल होतो.

येथवरची कथा आपण शाळेच्या पुस्तकात वाचली असेल. पुढची सहसा वाचावयास मिळत नाही.

दानात मिळालेल्या जमिनीचा आकडा देशभर चाळीस लाख एकरांच्या वर गेला. त्यापैकी फार मोठा हिस्सा भूमिहीनांच्या हाती कधी पडलाच नाही. काही जमीन खडकाळ निघाली, काही नदीच्या पात्रातली, काही जंगलाची, तर काही अशी की दात्याचा तिच्यावर हक्कच नव्हता. कोठे बापाने सभेत शब्द दिला आणि मुलांनी तो मोडला. पण याहून मोठी अडचण अशी, की पदयात्रा रोज पुढे जात होती आणि तलाठ्याचे दप्तर मात्र जागेवरच होते. मोजणी करणे, नावे चढविणे, बैल व बियाणे पुरविणे, या कंटाळवाण्या कामांसाठी मागे थांबावयास माणसे फार थोडी होती.

ही उणीव वेळीच कोणाच्या लक्षात आली नाही, असेही नाही. नागपूर त्यावेळी जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती, आणि त्या राज्याने १९५३ साली भूदान यज्ञाचा कायदा केला. तोंडी दानाला कागदाचा आधार मिळावा आणि जमीन भूमिहीनालाच पोचावी, हा त्याचा उद्देश. विदर्भ पुढे मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी हा कायदा येथे चालूच राहिला. खुद्द विनोबांनीही पैशाच्या बाबतीत निराळी वाट धरली होती. संपत्तिदानात ते रक्कम स्वतःकडे घेत नसत. दात्याने आपल्या मिळकतीचा ठरलेला भाग स्वतःजवळच ठेवावा, सांगितलेल्या कामी खर्च करावा आणि हिशेब कळवावा, अशी त्यांची रीत होती. भूदानाच्या गौरवात या रीतीची आठवण फारशी कोणी काढीत नाही, याचे मला नवल वाटते.

आता मुंबईची मॅरेथॉन पाहा. २००४ साली ती सुरू झाली. महासाथीमुळे २०२१ व २०२२ ही वर्षे सोडली, तर दरवर्षी भरत आली आहे. बेचाळीस किलोमीटर धावणारे त्यात असतात, तसे सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये फलक घेऊन, सोंगे काढून रमतगमत चालणारेही असतात. त्यांच्या चालण्याला धावणे म्हणणे जरा धाडसाचेच! सहभागी व्यक्ती एखादी सेवासंस्था निवडते आणि तिच्यासाठी आप्तस्नेह्यांकडे मदत मागते. २००९ पासून हे काम ‘युनायटेड वे मुंबई’ ही संस्था पाहत आली आहे. धावणाऱ्याच्या खिशातून पैसा फिरत नाही, हे या व्यवस्थेतले खरे शहाणपण. २०२४ च्या स्पर्धेत सत्तर कोटी रुपयांहून अधिक निधी उभा राहिला. एवढी रक्कम नुसत्या घामाच्या जोरावर उभी राहत नाही. नोंदणी, लेखापरीक्षण आणि करसवलतीचे दाखले अशी रुक्ष कागदपत्रे तिच्या पाठीशी असतात.

आपल्या शहरातील लहान उपक्रमांना एवढा मोठा कारभार परवडणार नाही, हे उघड आहे. पण एक वही तर परवडेल. पुढच्या वेळी मुलगी तक्ता घेऊन आली, की त्यावर रक्कम लिहिण्यापूर्वी तिला विचारा : पैसा कोणत्या संस्थेकडे जाणार, पावती कोण देणार, खर्चाचा तपशील कधी कळणार, आणि उन्हाळ्याच्या सुटीत आपल्याला ती संस्था पाहावयास जाता येईल काय? तिला उत्तरे ठाऊक नसतील, तर शोधून आणू द्या. पाच किलोमीटर चालावयास लागतो त्याहून थोडा अधिक वेळ त्याला लागेल.