फुजीशॉक आणि लिमातील चुली

१/ ८ ऑगस्ट १९९०. पेरू देशात पेट्रोलचा दर एका रात्रीत सुमारे ३० पट वाढला. पाव, दूधही गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले. बेसुमार चलनवाढ रोखून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी तुटलेले संबंध पुन्हा जोडण्यासाठी अध्यक्ष फुजीमोरी यांनी योजलेला हा उपाय 'फुजीशॉक' म्हणून ओळखला जातो.

२/ सरकारी मदत तुटपुंजी ठरली. राजधानी लिमाच्या वस्त्या जगवल्या त्या स्त्रियांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांनी. १९७०च्या दशकाअखेरपासून शेजारणी एकत्र शिधा भरीत आणि पाळीपाळीने रांधीत.

३/ मात्र पोटभर अन्न हा हक्क आहे, उपकार नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १९८४च्या डिसेंबरात हजारो स्त्रियांनी संसदेवर मोर्चा नेला. जानेवारीत मुलांना रोज पेलाभर दूध देण्याचा कायदा झाला. फुजीशॉकनंतर, १९९१ मध्ये, स्वयंपाकघरांच्या कार्यालाही कायद्याने मान्यता मिळाली.

४/ या संघटित स्त्रिया सशस्त्र 'शायनिंग पाथ' संघटनेलाही जुमानत नव्हत्या. त्यांच्या नेत्या मारिया एलेना मोयानो यांची १५ फेब्रुवारी १९९२ रोजी तिने हत्या केली. तेव्हा मोयानो अवघ्या ३३ वर्षांच्या होत्या. चुली मात्र विझल्या नाहीत.