चौलची खाडी आणि खारीचे बांध

पेरिप्लस या ग्रीक सागरवृत्तात आणि टॉलेमीच्या भूगोलात चौलचा उल्लेख आढळतो. १४६९ साली रशियन व्यापारी निकितीन हिंदुस्थानात उतरला तो येथेच. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट उभारला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. आज त्या कोटात नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. या अवनतीचे कारण म्हणून मुंबईच्या उत्कर्षाकडे बोट दाखविण्यात येते. ते खोटे नव्हे. परंतु खाडीतील गाळाचा विचार केल्यावाचून चौलचा वृत्तांत पुरा होत नाही.

कुंडलिका नदी पावसाळ्यात सह्याद्रीची माती वाहून आणते. खाडीच्या मुखाशी, कोरलईच्या काळ्या कातळाजवळ, समुद्राची वाळू तिला आडवी येते. भरतीचे पाणी आत दूरवरच्या खाजणांत पसरते आणि ओहोटीला परतताना मुख खरवडून साफ करते. हे परतणारे पाणी जितके अधिक, तितके खाडीचे मुख खोल. बंदराचा खरा राखणदार हाच.

माणसाची दृष्टी मात्र खाजणावर गेली. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शिलोत्रदारांनी मातीचे बांध घालून भातजमीन तयार केली. बांधात उघाडी ठेवायची, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर जाते आणि भरतीचे आत शिरत नाही. ही युक्ती मोठी खरीच. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या घरे जगली, आणि बांध राखणे हे साऱ्या गावाचे काम होते. पण पाण्याला पसरण्याची जागा उरली नाही की ओहोटीचा जोर ओसरतो आणि गाळ जागीच बसतो. एकाच्या शेतीची किंमत दुसऱ्याच्या गलबताने भरावी, असा हा व्यवहार होता. तो कोणी ठरवून केला नव्हता, एवढेच.

पुढे बांधांची व्यवस्था गावाच्या हातून सरकारकडे सरकत गेली. मुंबई राज्याचा खारजमीन कायदा १९४८ चा, महाराष्ट्राचा १९७९ चा. कागद वाढले, पण फावडे घेऊन धावणारे हात कमी झाले. उधाणाने बांधाला खांड पडते. ती वेळीच बुजवली नाही तर शेतात खारे पाणी खेळू लागते आणि चार-सहा वर्षांत तेथे कांदळ माजते. कांदळवन किनाऱ्याची धूप रोखते, मासळीला आसरा देते. म्हणून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या तोडीस मनाई केली. निर्णय योग्यच आहे. मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव भातशेतीचा मालक म्हणून आहे, त्याला आता स्वतःच्या शेतातले झाड तोडता येत नाही, आणि त्या शेतात भातही पिकत नाही.