न दिसणारा धोका

गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण १९७० साली पुरे झाले. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. आदल्याच वर्षी, १९६९ मध्ये, राज्याच्या दुसऱ्या टोकाला समुद्रकाठी तारापूरची अणुवीज सुरू झाली. दोन्ही कामे सरकारची. अशा कामांवर राबणारे हात मात्र बरेचदा ठेकेदाराचे.

धरणावर अभियंत्याला धोका डोळ्यांनी दिसतो. कडा खचते, परांची हलते. काम थांबवा, असे तो तिथल्या तिथे सांगू शकतो. अणुभट्टीतल्या किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही. म्हणून मजुराच्या छातीवर मात्रा मोजणारा बिल्ला लावतात. देखरेख करणाऱ्याने आधी बिल्ला पाहावा, मग हेल्मेट.

कंत्राटी कामगारांचा कायदाही १९७०चाच. पिण्याचे पाणी, प्रथमोपचार अशा सोयी ठेकेदाराने दिल्या नाहीत तर मूळ मालकाने द्याव्यात, असे त्याने ठरवले. ‘ते ठेकेदार बघेल’ ही पळवाट बंद झाली, निदान कागदावर. अणुऊर्जा नियामक मंडळ मात्र १९८३ मध्ये आले, तारापूर सुरू झाल्यावर १४ वर्षांनी. त्याची मर्यादा अशी: पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३०च्या पुढे नाही.

पाच वर्षांचा हिशेब! ठेकेदाराचा माणूस तर काम संपले की दुसऱ्या गावी जातो. उद्या तो वेगळ्याच केंद्राच्या फाटकाशी उभा राहिला, तर त्याची आधीची मात्रा तपासल्याशिवाय त्याला आत सोडायचे नाही, मग ठेकेदार कितीही घाई करो.