चाऱ्याचा हिशेब : आहार व पर्यावरण यांसंबंधीच्या पुण्यातील विचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
प्राणिजन्य व वनस्पतिजन्य अन्नाचा पर्यावरणावरील परिणाम हा आज जागतिक चर्चेचा विषय आहे. पूर व नेमेचेक यांच्या 2018 मधील अभ्यासानुसार जगातील सुमारे 83 टक्के शेतजमीन प्राणिजन्य अन्नासाठी गुंतलेली असून तिच्यातून केवळ 18 टक्के उष्मांक व 37 टक्के प्रथिने मिळतात. या प्रश्नाची एक महत्त्वाची बाजू पुण्यात अर्धशतकापूर्वीच चर्चिली गेली होती. प्रस्तुत लेखात त्या चर्चेचा आढावा घेतला आहे.

दांडेकर-हॅरिस वाद :
गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1964 मध्ये 'इकॉनॉमिक वीकली'त गुरांच्या संख्येचा प्रश्न मांडला. मर्यादित चाऱ्यात अनुत्पादक गुरे वाटेकरी होतात व त्यामुळे दुभती जनावरेही अर्धपोटी राहतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्व्हिन हॅरिस यांनी मात्र 1966 मध्ये असा युक्तिवाद केला की, भारतीय गाय माणसाच्या ताटातले खात नाही. ती पिकांचे अवशेष खाऊन बैल, शेण व दूध देते. दांडेकरांनी 1969 मध्ये या मताचा परखड प्रतिवाद केला. मतभेद तीव्र असले, तरी जनावर काय खाते, हा मुद्दा दोघांच्याही विवेचनात मध्यवर्ती होता.

कडब्याकडून पेंडीकडे :
दख्खनच्या कोरडवाहू शेतीत ज्वारीचे दाणे माणसाला, कडबा गुरांना आणि शेणखत पुन्हा शेताला, असे चक्र होते. तेथे वनस्पतिजन्य अन्नाचे उत्पादनही बैलाच्या श्रमावर अवलंबून होते. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने संकरित गाईंचा प्रसार केला. त्यामुळे दुधाचे उत्पन्न वाढून अल्पभूधारक कुटुंबांना आधार मिळाला. दर लिटर दुधामागील मिथेन वायूचे प्रमाणही अधिक दूध देणाऱ्या गाईंमध्ये तुलनेने कमी असते. परंतु अशा गाईला हिरवा चारा व पेंड लागते. परिणामी पूर्वी अवशेषांवर जगणारे जनावर आता जमीन व पाणी यांत पिकांचे स्पर्धक बनले. 2012-13 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील चारा छावण्यांमध्ये उसाचाही चारा म्हणून वापर झाला, ही बाब या संदर्भात बोलकी आहे.

निष्कर्ष :
जागतिक सरासरी महत्त्वाची असली, तरी ती प्रत्येक प्रदेशाला जशीच्या तशी लागू करता येत नाही. ऊस वनस्पतिजन्य असूनही अवर्षणग्रस्त भागात पाण्यावर मोठा ताण आणतो. माळावर चरणारी शेळी मात्र सिंचनाच्या पाण्यात वाटा मागत नाही. याचा अर्थ प्राणिजन्य अन्न निर्दोष आहे असा नव्हे. अवशेषांवर पोसलेले जनावरही मिथेन सोडते आणि अतिचराईने माळ उजाड होतात. म्हणूनच आहाराचे पर्यावरणीय मूल्यमापन करताना ताटातील पदार्थाबरोबरच गव्हाणीतील चारा व त्यासाठी खर्च झालेले पाणी यांचाही हिशेब मांडणे आवश्यक ठरते.